बरोबर कोण?

"कुठे निघालीस?" असं विचारणारा माणूस मराठी असेल तर त्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "बरोबर कोण?"

मी ४९ वर्षांची आहे. डेन्व्हरच्या पश्चिमेला लेकवुडला राहते, बर्फात गाडी चालवते, ऑफिसात बारा माणसं सांभाळते. तरी २०२३ च्या ऑक्टोबरात तंबू घेऊन एकटी युटाला निघाले तर या प्रश्नाने नुसता पिच्छा पुरवला. नवऱ्याच्या मावशीने विचारलं, मंडळातल्या मैत्रिणींनी विचारलं, शेजारच्या अमेरिकन आजीनेही कुंपणावरून विचारलं. नवऱ्याला मी 'येतोस का' म्हणून विचारलं नाही, कारण त्याचं उत्तर लग्नाच्या पहिल्या वर्षापासून पाठ आहे: त्याला पाठीखाली गादी आणि संडासाला कडी लागते. मुलगा कॉलेजात, आईबरोबर तंबूत झोपायचं त्याचं वय सरलं. म्हटलं, बरोबर कोण ते शोधत बसलो तर ग्रहण निघून जाईल.

हो, निमित्त ग्रहणाचं होतं. १४ ऑक्टोबर २०२३ चं कंकणाकृती सूर्यग्रहण. त्याचा पट्टा ओरेगनपासून टेक्सासपर्यंत तिरका जाणार होता आणि वाटेत युटातले लाल दगड होते. युटात पाच राष्ट्रीय उद्यानं आहेत: आर्चेस, कॅनियनलँड्स, कॅपिटल रीफ, ब्राइस कॅनियन आणि झायन. त्यातलं कॅपिटल रीफ पट्ट्याच्या छान आत येत होतं. तिथल्या फ्रूटा कॅम्पग्राउंडमध्ये ७१ जागा आहेत आणि बुकिंग सहा महिने आधी उघडतं. १३ एप्रिलला सकाळी आठच्या ठोक्याला मी दोन लॅपटॉप आणि एक फोन मांडून बसले. भारतात गेल्यावर तात्काळची तिकिटं काढायचा सराव इथे कामी आला. आठ वाजून दोन मिनिटांनी जागा माझ्या नावावर होती, आठ वाजून चार मिनिटांनी एकही शिल्लक नव्हती.

माझ्या एका मैत्रिणीचा बेत मॉन्युमेंट व्हॅलीचा होता. सिनेमात दिसणारे ते सुटे उभे लाल डोंगर आणि वर कंकण, असा फोटो तिला काढायचा होता. सप्टेंबरात तिचा चिडून फोन आला, "अगं, ते लोक बंद ठेवणारेत!" ती जागा नावाहो या अमेरिकेतल्या मूलनिवासी लोकांची, त्यांच्याच कारभाराखालची. त्यांनी आपली सगळी उद्यानं ग्रहणाच्या दिवशी सकाळी आठ ते दुपारी एक बंद ठेवायचं जाहीर केलं होतं. त्यांच्या रीतीप्रमाणे ग्रहणात घराबाहेर पडायचं नाही, सूर्याकडे बघायचं नाही, खायचं नाही, प्यायचं नाही, झोपायचंसुद्धा नाही. गप्प बसून राहायचं. सूर्य मरतो आणि पुन्हा जन्माला येतो, अशा वेळी आपण भटकत असणं बरं दिसत नाही.

हे मी साताऱ्याला आईला फोनवर सांगितलं.

"शहाणी माणसं आहेत," आई म्हणाली. "तू पण पाळ."

"आई, तिकडे दिसणारच नाहीये हे ग्रहण. पंचांगातच लिहिलं असेल, पाळू नये म्हणून."

"आम्ही नाहीच पाळणार. जिथे दिसतं तिथे पाळतात. तू जिथे दिसतं तिथे चाललीयेस ना?"

७८ वर्षांच्या बाईशी शास्त्रावरून वाद घालू नये. विशेषतः तिचं शास्त्र बिनचूक असेल तेव्हा.

---

११ तारखेला पहाटे निघाले. गाडीत तंबू, स्लीपिंग बॅग, दोन चुलींची गॅसची शेगडी, पाण्याचे दोन कॅन, जाडे पोहे, तुरीची डाळ, तांदूळ, दुधात भिजवलेल्या कणकेच्या पंचवीस दशम्या, शेंगदाण्याची चटणी, पोहे धुवायची स्टीलची चाळण आणि तीन लिटरचा कुकर. कॅम्पिंगच्या याद्यांमध्ये कुकर कुठेच नसतो. याद्या करणारे वरणभात खात नाहीत.

डेन्व्हरहून पश्चिमेला आय-७० ने निघालं की तासाभरात आयझेनहॉवर बोगदा लागतो, ११,१५८ फुटांवर. बोगद्यातून बाहेर पडलं की उतार असा की ट्रकवाल्यांसाठी ब्रेक तपासायच्या पाट्या सुरू होतात. माझे वडील, अण्णा, एसटीत ड्रायव्हर होते. साताऱ्याकडचा एकेक घाट त्यांना तोंडपाठ. घाटाचा त्यांचा एकच नियम होता: ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतर, ब्रेकवर पाय ठेवून उतरणारा ड्रायव्हर नव्हे. माझी गाडी ऑटोमॅटिक आहे, तरी दांडी खाली ओढून मी गिअर उतरवते. शेजारच्या लेनमधून ब्रेकचे लाल दिवे सतत पेटवत जाणाऱ्या गाड्या दिसल्या की तोंडातून अण्णांचीच शिवी येते. ती इथे लिहिता येणार नाही.

ग्रँड जंक्शन मागे पडलं की हिरवं संपतं. सिस्कोपाशी मी महामार्ग सोडला आणि १२८ नंबरच्या रस्त्याने कोलोरॅडो नदीच्या काठाकाठाने मोआबकडे गेले. उजवीकडे चहाच्या रंगाची नदी, दोन्ही बाजूंना लाल भिंती, गाडीत मी आणि दशम्यांचा वास. दुपारी तीनला आर्चेसच्या डेव्हिल्स गार्डन कॅम्पग्राउंडमध्ये पोचले.

तंबूची रंगीत तालीम मी लेकवुडच्या मऊ हिरवळीवर केली होती. इथे जमीन म्हणजे खडकावर टाकलेली चार बोटं वाळू. खुंटा ठोकला की दोन इंच जाऊन खडकावर वाजायचा, आणि वाऱ्याने दोरी ओढली की वाळूतून अलगद बाहेर यायचा, लोण्यातून सुरी आल्यासारखा. अर्धा तास ही झटापट चालली. शेवटी तंबूचं वरचं कापड हातातून सुटलं आणि दोन जागा पलीकडे एका जुनिपरच्या झाडावर जाऊन बसलं. ते काढायला गेले तर तिथले आजोबा खुर्चीतून न उठता म्हणाले, "दगड. दोरी दगडाला बांध." आठ मोठे दगड गोळा केले, दोऱ्या त्यांना गुंडाळल्या, तंबू उभा राहिला. निघताना ते दगड जिथून आणले तिथे परत ठेवायचे, हेही आजोबांनीच सांगितलं.

वाळू मात्र आत आलीच. दोन दिवस मी खाल्लेल्या प्रत्येक गोष्टीत ती होती. दशमी कचकच वाजायची.

डेलिकेट आर्चबद्दल फार लिहीत नाही. युटाच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर तीच कमान असते, आणि संध्याकाळी तिच्यासमोर जी गर्दी जमते ती बघून मला दर्शनाच्या रांगेची आठवण झाली. एकेकाने पुढे जायचं, कमानीखाली उभं राहायचं, फोटो, पुढचा. सुंदर आहे, नाही कशाला म्हणू. पण मला जी लागली ती लँडस्केप आर्च. कॅम्पग्राउंडपासून जवळच तिची वाट सुरू होते, पाऊणएक मैलाची. दुसऱ्या दिवशी मी उजाडायच्या आधी हेडलॅम्प लावून गेले. अमावास्या जवळ आलेली, त्यामुळे चंद्राची अगदी बारीक कोर आणि तिच्यापासून थोड्या अंतरावर लखलखीत शुक्र.

उजाडलं तशी ती दिसायला लागली. जवळपास ३०० फूट लांब दगडी पट्टी, आणि मधे इतकी बारीक की एखाद्याने भिंत लाटता लाटता विसरून जास्तच लाटली असावी. १९९१ मध्ये तिच्या खालच्या बाजूने ६० फूट लांब, ११ फूट रुंद, ४ फूट जाड अशी शिळा सुटून कोसळली. खाली माणसं होती. कुणालाही काही झालं नाही, पण तेव्हापासून कमानीखालची वाट बंद आहे, लांबूनच बघायचं. २००८ मध्ये जवळचीच वॉल आर्च एका रात्रीत पडली. म्हणजे इथे दोन हजारांवर कमानी आहेत असं म्हणतात ते आजच्यापुरतं.

हे सगळं मिठामुळे झालं. ३० कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता, तो पुन्हा पुन्हा आटला आणि हजारो फूट जाडीचं मीठ मागे राहिलं. वर दगडाचे थर साचले. त्या वजनाखाली मीठ दगडासारखं राहत नाही, ते कणकेसारखं सरकतं. ते सरकलं, कुठे फुगलं, कुठे बसलं, आणि वरच्या वालुकाश्माला समांतर भेगा पडल्या. भेगांत पाणी, पाण्याचा बर्फ, आणि उरल्या त्या पातळ उभ्या भिंती. भिंतीला भोक पडलं की कमान. पोळपाटाखाली कणिक राहिली की पोळपाट कसा डुगडुगतो, तेवढं डोळ्यासमोर आणलं की पुरे.

वाटेच्या कडेला ठिकठिकाणी पाट्या आहेत, मातीवर पाय ठेवू नका. मी गुडघ्यावर बसून हेडलॅम्पच्या उजेडात ती माती बघितली. लाल वाळूवर काळपट, खडबडीत, फुगलेली साय. भाताची करपलेली खरवड पातेल्यातून सोडवून जमिनीवर पसरली तर दिसेल तशी. ती जिवंत आहे. सायनोबॅक्टेरिया, शेवाळ आणि दगडफूल एकत्र राहून वाळूचे कण धरून ठेवतात. ही साय आहे म्हणून वाळू उडून जात नाही आणि झुडपांना रुजायला जागा मिळते. एक पाऊल पडलं तर भरून यायला कित्येक वर्षं जातात. दगडफूल म्हटल्यावर माझ्या नाकाला गोड्या मसाल्याचा वास आला. उगाचच. तिथे कसलाच वास नव्हता, फक्त थंडी होती.

---

१३ ला मोआबहून ग्रीन रिव्हर, तिथून २४ नंबरचा रस्ता, हँक्सव्हिल, आणि मग कॅपिटल रीफ. हँक्सव्हिलला एक पेट्रोल पंप आहे, त्याचं दुकान डोंगर पोखरून आत केलेलं आहे. तिथे टाकी भरून घेतली. या भागात टाकी अर्धी झाली की भरायची, पुढचा पंप बघू असं म्हणायचं नाही.

फ्रूटा हे एकेकाळचं गाव. १८८० च्या दशकात मॉर्मन पंथाचे लोक इथे येऊन राहिले, फ्रेमाँट नदीचं पाणी पाटाने फिरवलं आणि फळबागा लावल्या. एका वेळी दहाच्या वर कुटुंबं कधी नव्हती. १८९६ ची एका खोलीची लाकडी शाळा अजून उभी आहे. गाव गेलं, झाडं राहिली; आता ती उद्यानाकडे आहेत, सफरचंद, पेअर, पीच, जर्दाळू, दोनेक हजार झाडं. बागेचा नियम मला फार आवडला: झाडाखाली उभं राहून खाल तेवढं फुकट, घरी न्यायचं असेल तर तराजूवर वजन करा आणि पैसे पेटीत टाका. बघायला कुणी नाही. ऑक्टोबरचा मध्य म्हणजे हंगामाची शेपटी. उंच फांद्यांवर थोडी सफरचंदं होती आणि खाली पडलेली हरणं खात होती.

लाल भिंतींच्या कोंडाळ्यात हे गाव, त्यामुळे फोनला रेंज नाही. संध्याकाळी अकरा मैल लांब टोरीला जाऊन आईला फोन लावला. तिकडे १४ ची सकाळ. सर्वपित्री अमावास्या. आई अण्णांच्या नावाचं पान वाढायच्या गडबडीत होती.

"वेध खरं तर बारा तास आधी लागतात," ती म्हणाली, "पण तू प्रवासात आहेस. स्पर्शापासून पाळलंस तरी चालेल. स्पर्श कधी?"

"नऊ वाजून दहा मिनिटांनी. मोक्ष बाराच्या जरा आधी."

"मग नऊच्या आत खाऊन घे. मधे पाणीसुद्धा नको. आणि सुटल्यावर अंघोळ."

"आई, इथे अंघोळीची सोय नाहीये."

"नदी आहे म्हणालीस ना?"

मला १९८० च्या फेब्रुवारीतलं ग्रहण अंधुक आठवतं. तेव्हा मी सहा वर्षांचीही नव्हते. साताऱ्याच्या घरात सगळी दारं-खिडक्या बंद, फटींमध्ये वर्तमानपत्राचे बोळे, पाण्याच्या पिंपात तुळशीचं पान. भर दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. आणि ग्रहण सुटायच्या सुमाराला बोळातून येणारी आरोळी, "दे दान, सुटे गिराण!" त्या आरोळीची मला ग्रहणापेक्षा जास्त भीती वाटली होती. आकाशात काय झालं ते मी त्या दिवशी बघितलंच नाही. घरात कुणीच बघितलं नाही. सूर्य जवळजवळ सगळा झाकला गेला होता आणि आम्ही सात माणसं बंद खोलीत एकमेकांची तोंडं बघत बसलो होतो.

म्हणून मी तडजोड केली. खाणं-पिणं आईचं ऐकायचं, बघणं माझं.

सकाळी आठला पोहे केले, पावणेनऊला खाऊन झाले. कॅम्पग्राउंडमध्ये जत्रा होती. खुर्च्या मांडलेल्या, दुर्बिणींना काळ्या काचा लावलेल्या, पुठ्ठ्याचे चश्मे वाटले जात होते. धुतलेली चाळण मी लाकडी टेबलावर उन्हात उपडी घातली होती. साडेनऊच्या सुमाराला सहज लक्ष गेलं. चाळणीच्या सावलीत प्रत्येक भोकातून एकेक उजेडाचा ठिपका पडला होता, आणि ठिपके गोल नव्हते. प्रत्येकाला एका बाजूने चावा घेतलेला होता.

मी चाळण उचलली आणि खाली कागदाची पांढरी ताटली धरली. दीड-दोनशे चावलेले सूर्य, ओळीने. शेजारच्या जागेवरची सात-आठ वर्षांची मुलगी धावत आली. तिने हात पुढे केला, मी चाळण तिच्या तळहातावर धरली, ते सगळे सूर्य तिच्या हातावर पडले. मग तिचा भाऊ आला, मग पलीकडच्या तंबूतली तीन मुलं. थोड्या वेळाने मोठी माणसंही हात पुढे करून उभी. हजारो डॉलरच्या दुर्बिणी तिकडे एकट्या पडल्या आणि पोह्यांच्या चाळणीपुढे रांग लागली. कुणीतरी विचारलं हे ग्रहणासाठी बनवलेलं उपकरण आहे का. मी हो म्हणणार होते, पण ग्रहणात खोटं नको.

सव्वादहानंतर ऊन बिघडलं. दुसरा शब्द सुचत नाही. ढग आल्यावर ऊन मऊ होतं तसं नाही. सावल्या टोकदार होत्या, पण उन्हातला जोर गेला होता. लाल भिंती तांब्याच्या भांड्याला राख लावल्यासारख्या झाल्या. गारठा आला, मी शाल घेतली. झाडांखाली जमिनीवर पानांच्या फटींतून कोयत्यांचा सडा पडला होता, सगळे कोयते एकाच दिशेला वळलेले. दहा वाजून अठ्ठावीस मिनिटांच्या आसपास कोयत्यांची टोकं जुळली.

चश्म्यातून वर बघितलं. कंकण. दुसरं नाव असूच शकत नाही त्याला. काळ्यावर एक बारीक सोन्याची बांगडी, कुठेही सांधा नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी चश्मा काढून ताटलीकडे बघितलं तर चाळणीखाली दीड-दोनशे बांगड्या होत्या. शेजारची मुलगी ती ताटली हलू न देता दोन्ही हातांनी धरून उभी होती, श्वास रोखून, आणि बांगड्या मात्र थरथरत होत्या, कारण चाळण माझ्या हातात होती. चार मिनिटांहून थोडं जास्त चाललं. मग एका बाजूने बांगडी तुटली.

हरणांनी या सगळ्या वेळात मान वर केली नाही. सफरचंदं खात राहिली. त्यांना कुणी पाळायला सांगितलं नसावं.

मोक्ष झाल्यावर नदीवर गेले. फ्रेमाँट नदीचं पाणी ऑक्टोबरात कसं असतं ते सांगायला नको. घोट्यापर्यंत गेले, दोन मग पाणी गुडघ्यांवर ओतलं, थोडं डोक्याला लावलं, आणि अंघोळ झाली असं ठरवलं. परत येऊन टेबलावर दशम्यांचा डबा उघडला, चटणी काढायला गाडीकडे वळले. मागे फडफड झाली. डोमकावळा. आपल्या कावळ्याच्या दीडपट, काळाकुळीत, मानेवर पिसांची दाढी. तो टेबलावर उतरला, डब्यातली वरची दशमी उचलली, माझ्याकडे एकदा नीट बघितलं आणि भिंतीच्या दिशेने निघून गेला.

उद्यानात प्राण्या-पक्ष्यांना खायला घालायला सक्त बंदी आहे. मी घातलं नाही, त्यानेच घेतलं. पण त्या दिवशी सर्वपित्री होती, आणि आपल्याकडे पान ठेवून तासन्‌तास वाट बघितली तरी कावळा शिवत नाही. आईला मी दोनच गोष्टी कळवल्या, अंघोळ झाली आणि कावळ्याने दशमी नेली. तिने विचारलं, "कोणती, साधी का गुळाची?" गुळाची होती. "त्यांना आवडायची," आई म्हणाली, आणि पुढचा विषय काढला.

---

१५ ला १२ नंबरच्या रस्त्याने ब्राइसला. या रस्त्याबद्दल लोक फार बोलतात आणि ते खरं आहे. आधी बोल्डर माउंटन, ९,६०० फूट, अ‍ॅस्पेनची झाडं अर्धी पिवळी अर्धी नुसती. मग बोल्डर नावाचं एवढंसं गाव, जिथे टपाल विसाव्या शतकातही कित्येक वर्षं खेचरांच्या पाठीवरून यायचं. आणि त्यापुढे हॉग्जबॅक. डोंगराच्या धारेवरून रस्ता, दोन्ही बाजूंना दरी आणि कठडा नाही. घाटात निदान एका बाजूला डोंगर असतो, त्याचा आधार वाटतो. इथे दोन्हीकडे आकाश. गिअर खाली, वेग कमी, समोरून येणाऱ्या घरवजा गाडीला जागा, आणि कपाळाला घाम. हे सगळं जेमतेम काही मिनिटांत संपतं, पण उतरल्यावर मी गाडी बाजूला घेऊन बोटं मोजली.

त्या दिवशी घटस्थापना. नवरात्राचा पहिला रंग नारंगी. टाकीसाठी थांबले तेव्हा फोनला रेंज आली आणि मंडळाचा ग्रुप धडाधडा वाजला: नारंगी साड्या, नारंगी कुर्ते, एकीने तर नारंगी स्वेटर. "तू कुठायस? रंग कुठाय?" संध्याकाळी ब्राइसच्या कड्यावरून एक फोटो काढला आणि दुसऱ्या दिवशी रेंज मिळाल्यावर पाठवला. खाली दरीभर हजारो नारंगी सुळके उभे. इथे वर्षातल्या जवळपास निम्म्या रात्री पाणी गोठतं आणि दिवसा वितळतं. भेगेतलं पाणी बर्फ होऊन फुगतं आणि खडक फोडतं, त्यातून हे सुळके कोरले गेले. इथल्या मूलनिवासी पायूट लोकांची गोष्ट वेगळी आहे. इथे राहणारे लोक वाईट वागले म्हणून कोयोटीने, म्हणजे इकडच्या कोल्ह्याने, त्यांना उभ्या जागी दगड केलं. आपल्याकडे दोन सुळके शेजारी दिसले की नवरा-नवरी म्हणतात. इथे सगळं वऱ्हाडच आहे. ग्रुपवर उत्तर आलं, "आजचा रंग पांढरा आहे." मग सकाळी तंबूवर गोठलेल्या दवाचा फोटो पाठवला.

हो, त्या रात्री कुकर. ब्राइसचं कॅम्पग्राउंड आठ हजार फुटांच्या आसपास आहे. एवढ्या उंचीवर पाणी ९२ अंशांना उकळायला लागतं आणि तुरीची डाळ उघड्या पातेल्यात जन्मात शिजत नाही. डेन्व्हरकरांना हे वेगळं सांगावं लागत नाही. अंधार पडला होता, चार दिवस पोहे-दशम्यांवर काढले होते, वरणभाताची तल्लफ आली होती. पहिली शिट्टी झाली तेव्हा मलाच दचकायला झालं. घरात ती शिट्टी टीव्ही, फोन, चिमणी यांच्यात मिसळून जाते. पाइनच्या जंगलात, थंड कोरड्या हवेत ती आगगाडीसारखी गेली. आजूबाजूचं बोलणं थांबलं. तीन-चार हेडलॅम्प माझ्याकडे वळले. दुसऱ्या शिट्टीला पलीकडचा एक उंच माणूस धावत आला. त्याला वाटलं कुणीतरी मदतीसाठी शिट्टी फुंकतंय. डोंगरात तशीच रीत असते.

मी म्हटलं, अजून एक राहिली आहे.

तो थांबला. तिसरी झाली. मी गॅस बंद केला, वाफ जिरू दिली, झाकण काढलं. वरण, भात, वर चमचाभर तूप, त्याला वाटीत दिलं. उभ्या उभ्या खाल्लं, आणखी घेतलं. मग इकडे तिकडे बघत, एकच तंबू, एकच खुर्ची बघून त्याने तेच विचारलं, बरोबर कोण आहे म्हणून.

मी कुकरकडे बोट दाखवलं.

झायनचं फार सांगत नाही, एकच दिवस होते. १९३० चा एक मैलाहून लांब बोगदा, त्याला डोंगरात मधेमधे पाडलेल्या खिडक्या, आणि बाहेर पडल्यावर एकदम समोर येणारी ती अवाढव्य भिंत, एवढ्यासाठी जायला हवं. बाकी दरीत खासगी गाडी नेता येत नाही, उद्यानाच्या बसने फिरायचं, आणि बसला अशी गर्दी की सहा दिवसांत सवय गेलेली सगळी माणसं एकदम अंगावर आली. एंजल्स लँडिंगला २०२२ पासून परवाना लागतो, तो मी काढला नव्हता, आणि हॉग्जबॅकनंतर साखळी धरून कड्यावर चढायची हौसही उरली नव्हती. मंगळवारचा रंग लाल. झायनचा डांबरी रस्ताच लाल आहे, तोच पाठवला.

१८ ला एका दमात घर. गाडीतून उतरले तर पाय सरळ होईनात. नवऱ्याने सामान काढायला मदत केली आणि चाळण हलवून म्हणाला, यात वाळू आहे. म्हटलं, राहू दे.

रात्री आईला फोन केला. पोचले, नीट आहे, सगळं पाळलं. ती जरा वेळ गप्प. पाठीमागे पानं उलटल्याचा आवाज.

"तुमच्याकडे परत ग्रहण आहे की," ती म्हणाली. "८ एप्रिल. खग्रास. सोमवती अमावास्या."

"हो, टेक्सासला दिसणारे. म्हणजे तशी मी अजून..."

"पंचांगाच्या पार शेवटच्या पानावर आहे, म्हणून आधी दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी पाडवा आहे हं. लांब जाऊ नकोस, गुढीला घरी पोचली पाहिजेस." मग पुन्हा पान उलटल्याचा आवाज. "आणि चाळण विसरू नकोस."